वाकड्या बोटाची पाटी

मुक्काम महाड, जिल्हा कुलाबा
आश्विन शुद्ध पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप साडूभाऊ सदाशिवराव यांचे सेवेसी,

बालके महिपत याचा (बालकाची मिशी पिकली आहे, पण रिवाज तो रिवाज) शिरसाष्टांग दंडवत. येथे आम्ही देवाच्या कृपेने धडधाकट आहोत. आपल्या गुडघ्याचे काय? मागच्या पत्री आपण लिहिले होते की जिना उतरताना कळ येते. माझे म्हणाल तर उतरूच नये. मुंबईत खाली येऊन तरी काय पाहायचे आहे? ति. बनुअक्कांचा खोकला थांबला असेल, नसेल तर अडुळशाचा काढा द्यावा, आणि त्या तोंड वाकडे करतील तिकडे लक्ष देऊ नये. सौ. मैना आपणां उभयतांस नमस्कार सांगते. पाठोपाठ असेही सांगते की, या पत्रात मी जी बढाई मारीन ती निम्मी धरावी. निम्मी धरलीत तरी माझे काम भागेल.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावची चार डोकी मुंबईत एका ठिकाणी जमली की महाडातल्या माणसांची सालटी निघतात, हे मी जाणून आहे. तेव्हा आपल्या कानी आलेच असेल की महिपत मास्तराच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, त्याने आंबेनळी घाटातल्या पाट्यांवर लुळ्या माणसाचा हात काढला आहे, आणि कमिटीने सांगूनही तो पुसायला तयार नाही. यातले शेवटचे तेवढे खरे आहे. मी तयार नाही. दिवाळीच्या सुट्टीत वाटेचा उद्घाटन-समारंभ आहे, आणि त्याआधी माझ्या साऱ्या पाट्या उपटून टाकायचा ठराव कमिटीने केला आहे. त्या मी उपटू देणार नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

ही कमिटी म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. आपल्या मुंबईची बडी मंडळी मोटारीत बसून महाबळेश्वरी जातात. ती पोलादपुरावरून जातात, म्हणजे त्यांची धूळ आमच्या वाट्याला येते आणि ती जातात पुढे. हे दुःख आमचे हैबतराव वकील यांना फार दिवस सलत होते. शेवटी त्यांच्या मनात आले की, घाटाच्या सडकेपासून वर धनगरमाळापर्यंत एक सहलीची पायवाट काढावी. म्हणजे मंडळी पोलादपुरास उतरतील, चहा पितील, पायी वर चढतील, माळावरून सारे खोरे पाहतील आणि स्वच्छ हवा खातील. (आम्ही ती जन्मभर खातो आहोत. आमच्यासाठी कोणी वाट काढली नाही.) लगेच 'आंबेनळी सहल-वाट मंडळ' स्थापन झाले. वकील अध्यक्ष झाले. एक डॉक्टर आणि एक कापडवाले शेटजी सभासद झाले. वाट काढायचे म्हणाल तर ती होतीच. वरच्या वाडीची माणसे त्या वाटेने गवताचे भारे आणि लाकूडफाटा उतरवीत आली आहेत. कमिटीने करायचे उरले ते एवढेच की जागोजागी पाट्या लावायच्या, म्हणजे परक्या माणसाला कोणाला न विचारता वर पोचता यावे. पाट्या रंगवायला माणूस शोधू लागले, आणि महाडात ज्याची अक्षरे सरळ उभी राहतात असा माणूस एकच. उभी हयात मी शाळेत पोरांना सुरई आणि पेरू काढायला शिकवले. निवृत्त झाल्यापासून बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवतो. पण दुकानाची पाटी पडली दुकानदाराची; सार्वजनिक काम माझ्या हातून कधी झाले नव्हते. साडूभाऊ, आपल्यापाशी काय लपवायचे, मला फार आनंद झाला. मैनेला मी पुरणपोळी करायला लावली.

नुसती अक्षरे काढून भागत नाही हे मला ठाऊक होते. वाटसरू चालत असतो, त्याला धाप लागलेली असते, त्याच्या डोळ्यात घाम गेलेला असतो. तो काय परिच्छेद वाचत बसणार? त्याला एका नजरेत कळले पाहिजे. म्हणून मी प्रत्येक पाटीवर 'धनगरमाळ' एवढाच शब्द लिहिला आणि त्याच्या खाली हात काढला. मुठीतून एक बोट सरळ बाहेर आलेले, जायचे त्या दिशेला रोखलेले. हात काढणे म्हणजे खेळ नव्हे. घोडा काढणारे पुष्कळ भेटतात, हात काढायला बसले की बोटांच्या शेवग्याच्या शेंगा होतात. मी आरशासमोर बसून स्वतःचा हात पाहून काढला. नखावर उजेड पाडला, पेरांना सावली दिली, आणि मनगटाला पांढरी शुभ्र कफ काढून तिला एक सोनेरी बटनही लावले. (माझ्या सदऱ्याला कफ नाही. पण सार्वजनिक हाताला असावी.) कमिटीने पाहून माना डोलावल्या. श्रावणात पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा आम्ही त्या सागाच्या खांबांवर ठोकून वाटेवर उभ्या केल्या. मी खाली सडकेवर उभा राहून वर पाहिले आणि मला वाटले, जन्माला आल्याचे काहीतरी सार्थक झाले.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्ष, डॉक्टर आणि शेटजी पाट्यांची परीक्षा घ्यायला निघाले. बरोबर फराळाचा डबा होता. अट अशी की वाटेत कोणालाही काही विचारायचे नाही, पाटी सांगेल तिकडे जायचे. त्यांनी अट तंतोतंत पाळली. पहिल्या पाटीने त्यांना कारवीच्या रानात घातले. तिथून कसेबसे निघाले तर दुसऱ्या पाटीने म्हशींच्या डबक्यावर नेले. तिसऱ्या पाटीने पुन्हा पहिल्या पाटीकडे पाठवले. शेटजींच्या पायाला जळवा लागल्या, डॉक्टरांनी त्या काढायच्या सोडून त्यांच्यावर व्याख्यान दिले, आणि फराळाचा डबा कोणाकडे होता यावरून भांडण झाले. संध्याकाळच्या सुमारास तिघे घाटाच्या भलत्याच वळणावर सडकेला लागले, आणि महाबळेश्वराहून कोंबड्यांची खुराडी घेऊन येणाऱ्या एका खटाऱ्यात बसून पोलादपुरास परतले. अध्यक्षांच्या टोपीवर काय पडले होते ते मी तीर्थस्वरूपांना लिहिणे बरे नव्हे.

दोष अर्थात माझा ठरला. मी दुसऱ्या दिवशी तणतणत वर गेलो आणि पाहतो तो काय, सारी बोटे फिरलेली! मी डावीकडे रोखलेला हात उजवीकडे, उजवीकडचा दरीकडे, आणि एक तर सरळ आकाशाकडे. खांबच्या खांब उपटून फिरवून पुन्हा रोवलेले. आधी वाटले पोरांचा चावटपणा असेल. तेवढ्यात चंद्राबाई आली.

चंद्राबाई ही वरच्या वाडीची. वाट जिथे फुटते तिथेच तिचे खोपट, आणि खोपटापुढे काकडीचा मांडव. बाई एकटी आहे, अंगाने काटकुळी आहे, आणि आवाज असा की घाटातल्या मोटारवाल्याने गाडी थांबवावी. पावसाळ्यात तिचे मीठमिरची त्या काकडीवर चालते. कोवळ्या काकड्या टोपलीत घालून ती पोलादपूरच्या बाजारात बसते. तिच्या हातात कोयता होता. (कोयता तिच्या हातात नेहमीच असतो हे मला मागाहून कळले; त्या वेळी कळले असते तर बरे झाले असते.)

"मास्तर, ह्यो हात तुमचा काय?" ती म्हणाली. "माज्या येलावर बोट रोखून उभा हाय तो! कवल्या काकड्या गलाया लागल्या माज्या. फलाला बोट दावू नये, यवडा बी तुमच्या आयशीनं शिकिवला नाय?"

आता हे आपल्यालाही ठाऊक आहे साडूभाऊ, लहानपणी आपणही या पायी पाठीत धपाटा खाल्ला असेल. वेलावर कोवळे फळ धरले की त्याच्याकडे बोट करायचे नाही. बोट दाखवले की ते कुजून गळते. मी तिला म्हटले, बाई, काकडी कुजते ती माशीने टोचल्यामुळे, बोटाने कुजत नाही, आणि हे तर खरे बोटही नव्हे, रंग आहे. ती म्हणाली, खरा बोट असता तर दमून खाली तरी झाला असता, ह्यो मेला दिवसभर उभाच हाय!

तर तिने पहिले बोट आपल्या मांडवावरून फिरवले, ते गेले शेजारच्या भागोजीच्या नाचणीवर. भागोजीला काकडीची फिकीर नव्हती, त्याला कफेचे बटन दिसले. बटनवाला हात आपल्या जमिनीकडे बोट दाखवतो, म्हणजे सरकार सडक रुंद करायला जमीन घेणार, असे त्याने धरले. त्याने ते बोट फिरवून देवराईकडे केले. देवराईकडे बोट झालेले पाहून गुरव संतापला. त्याने ते दरीकडे वळवले, कारण दरी कोणाचीच नव्हे. असे प्रत्येक पाटीचे झाले. ज्याच्याकडे बोट वळे तो ते दुसऱ्याकडे वळवी, आणि त्यात कोणाच्याही मनात कमिटीविषयी वाईट नव्हते. कमिटी म्हणून कोणी आहे हेच त्यांना माहीत नव्हते.

मी डोक्यात राख घालून घेतली नाही. (मैना म्हणते घेतली. तिच्याकडे लक्ष देऊ नये.) मी विचार केला, बोट नको तर पाऊल. पाऊल जाते त्या दिशेला माणसाने जायचे, याहून सोपे काय? शिवाय पाऊल कोणाकडे बोट दाखवीत नाही. हात उतरवून मी पाटीपाटीवर आणि वाटेतल्या खडकांवर पांढऱ्या रंगाने पावलांच्या जोड्या काढल्या. सुबक, टाचेशी निमुळती, पाची बोटे मोत्यासारखी. कमिटी खूश झाली. वकीलसाहेबांनी लागलीच मुंबईच्या एका भ्रमण-मंडळाला आमंत्रण धाडले की, यावे आणि वाट पाहून जावी.

मंडळ आले ते नेमके गौरीच्या दिवशी. आता माझे चुकले म्हणाल तर ते इथे, आणि तेही पंचांग न पाहिल्याचे. वाडीतली आवडी म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या अंगणाला लागूनच वाट जाते. गौर आणायची म्हणून ती पहाटे दार सारवायला बाहेर आली, आणि तिला दिसले की पांढरी पावले तिच्या दारापासून निघून सरळ रानाकडे चालली आहेत! ऐन गौरीच्या दिवशी! "लक्षुमी भायेर चालली गो बाय माजी!" म्हणून तिने जो टाहो फोडला तो ऐकून सारी वाडी जमा झाली. बायांनी शेण कालवले, माझी पावले सारवून टाकली आणि त्यांवर तांदळाच्या पिठाची नवी पावले उमटवली, उंबऱ्याच्या आत जाणारी. माझ्या पावलांपेक्षा ती चांगली नव्हती, पण ताजी होती.

मुंबईची मंडळी आली आणि पावलांमागून चालत गेली. पावलांनी त्यांना अंगणात नेले, ओटीवर नेले, उंबऱ्यातून आत नेले आणि थेट गौरीपुढे उभे केले. आवडीला वाटले, गौरीला पाहायला मुंबईहून माणसे आली. तिने त्यांना पाय धुवायला लावले, पाटावर बसवले, आणि घावन, भाजी, तांदळाची खीर असे पोटभर वाढले. मंडळींना वाटले, ही कमिटीची फराळाची व्यवस्था. त्यांतले एक स्थूल गृहस्थ तर तिथेच भिंतीला टेकून घोरू लागले. ऊन कलल्यावर ती सारी खुशीत खाली उतरली, आणि वकीलसाहेब हारतुरे घेऊन धनगरमाळावर एकटेच उभे राहिले होते ते राहिलेच. मंडळातल्या कोणाला आजतागायत ठाऊक नाही की ती वाट आणखी वर जाते.

कमिटीने मला बोलावून वाटेल ते ऐकवले. मी ऐकून घेतले. मग तावातावाने चंद्राबाईकडे गेलो, कारण हे सारे काकडीपासून सुरू झाले होते आणि कोणाशी तरी भांडल्याखेरीज मला घरी जेवण गोड लागले नसते. तीही तयारच होती. आमचे चांगले रंगात आले होते, तोच एक घोंगडीवाला वाटेने आला आणि धनगरमाळाला कुठून जायचे म्हणून विचारू लागला. चंद्राबाईने माझ्यावरचा तोंडाचा पट्टा न थांबवता आपली तर्जनी मोडली, म्हणजे आकड्यासारखी वाकवली, आणि वाकलेल्या बोटाचे मधले पेर मांडवावरून पलीकडे केले. घोंगडीवाला मान हलवून सरळ त्या वाटेला लागला. एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मी भांडायचा थांबलो. चंद्राबाईला ते आवडले नाही.

अहो, आपल्याकडे फळावरून बोट न्यायचेच झाले तर ते वाकवून नेतात, हे मलाही ठाऊक होते! लहानपणापासून ठाऊक होते. पण पाटी रंगवायला बसलो की मी शाळेतला मास्तर होतो आणि शहाण्यासारखे सरळ बोट काढतो. साडूभाऊ, त्या दिवशी मी घरी येऊन वाकड्या बोटाचा हात काढला. कफ पुसली, बटन पुसले. साधा हात, सावळा, तर्जनी मोडलेली, आणि मधले पेर जायच्या दिशेला. पहिल्या पाटीचा अनुभव असा आला की परका माणूस पेराकडे न पाहता नखाकडे पाहतो, आणि नख तर खाली वळलेले. म्हणून महाडचे एक पोस्टमास्तर खांबाच्या बुडाशी काहीतरी पुरले आहे असे समजून बराच वेळ काठीने उकरीत बसले. मग मी ते पेर तांबडे रंगवले. आता नजर पडते ती पेरावर. मी स्वतः सडकेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवले. परका माणूस क्षणभर थबकतो, मग तांबडे पेर पाहतो आणि बरोबर वाटेला लागतो. आणि वाडीतल्या एकाही माणसाने एकही पाटी फिरवलेली नाही. पावसाने जमीन भुसभुशीत होऊन भागोजीच्या शेतालगतचा खांब कलला, तर भागोजीने आपण होऊन दगडांची चेप दिली. चंद्राबाईच्या मांडवावर आता काकडी अशी लोंबते आहे की वाटसरूच्या डोक्याला लागते. (ती बोटामुळे की माशी कमी झाल्यामुळे, ते मी पाहतो आहे. माझे मत बदललेले नाही.)

मला वाटले, झाले, जिंकलो. पण कमिटी वर गेली आणि पाटी पाहून त्यांची तोंडे उतरली. डॉक्टर म्हणाले, हा हात संधिवाताचा आहे, पाहुणे म्हणतील या भागाची हवा वाईट. शेटजी म्हणाले, वाकडे बोट म्हणजे माणसाला मागे बोलावणे, पाहुणे चढायच्या ऐवजी परत फिरतील. वकीलसाहेबांनी विलायती सामानाचा एक कॅटलॉग आणला होता, त्यात साऱ्या सुधारलेल्या देशांतल्या पाट्यांवरची बोटे सरळ होती. "मास्तर," ते मला म्हणाले, "एका अडाणी बाईच्या काकडीपायी तुम्ही तालुक्याची बेअब्रू करता आहात. पाटी वाटसरूसाठी असते." मी म्हटले, वकीलसाहेब, वाटसरू त्या पाटीकडे पाहतो एकदा, पापणी लवेपर्यंत, आणि निघून जातो. ती बाई तिच्याकडे पाहते बारा महिने. दारात उभी केलेली वस्तू दार ज्याचे त्याला नकोशी झाली तर ती तिथे टिकणार कशी, हे त्या कॅटलॉगात कोणत्या पानावर आहे ते दाखवा. त्यांनी कॅटलॉग मिटला. पण ठराव काही मिटवला नाही. ठराव असा की दिवाळीआधी माझ्या पाट्या उपटायच्या, सरळ बोटाच्या लोखंडी पत्र्याच्या पाट्या मुंबईहून करवून आणायच्या, खांब सिमेंटात रोवायचे म्हणजे कोणाला फिरवता येऊ नयेत, आणि मग कोणा बड्या पाहुण्याच्या हस्ते फीत कापायची. मी लेखी माफी मागितली तर एका कोपऱ्यात माझे नाव राहू देतील.

माफी मागणार नाही. नाव नको. माझे नाव त्या पाट्यांवर कुठेच नाही, मी घातलेलेच नाही. हात माझा आहे तेवढे पुरे. वाईट कशाचे वाटते ते सांगतो. मी चंद्राबाईला शब्द दिला आहे की तिच्या मांडवाकडे पुन्हा सरळ बोट होणार नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि कोयता खाली ठेवला. (निदान माझ्यापुरता.) सिमेंटात रोवलेले बोट ती फिरवू शकणार नाही, म्हणजे तिला मांडव तरी मोडावा लागेल नाहीतर दिवसरात्र ते बोट पाहत त्याच्या खाली बसावे लागेल. तिच्या समजुतीला हसायचे असेल त्याने हसावे. पण ज्या माणसाचे मीठमिरची एका वेलावर आहे त्याने त्या वेलाची काळजी कशी करायची, हे शिकवायला आपण कोण? मी आता ठरवले आहे. त्यांनी पाट्या उपटल्या तर मी स्वतः त्या वाटेच्या फाट्यावर छत्री घेऊन उभा राहीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट वाकवून वाट दाखवीन. उद्घाटनाच्या दिवशी तर सर्वांच्या आधी उभा राहीन. मला खांबासारखे उपटून दाखवावे. वय झाले म्हणून माझ्या अंगात रग नाही असे कोणी समजू नये. वकीलसाहेब शाळेत माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि त्यांना पेरू कधीच गोल काढता आला नाही.

असो. आपला पुष्कळ वेळ घेतला. मुंबईच्या हवेत प्रकृतीस जपावे, गुडघ्यास तेल लावावे, मुलांना शाळेत डुलक्या काढू देऊ नये. माझ्यावर राग आलाच असेल तर तो पत्रानेच कळवावा, माणसाबरोबर सांगून धाडू नये, कारण मग तो साऱ्या बाजाराला कळतो. कळावे, लोभ आहे तेवढाच पुरे, वाढवला तरी हरकत नाही.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून)
महिपत

ता. क. : वर जी लोखंडी पत्र्याची ऑर्डर लिहिली, ती कमिटीने माझगावातल्या एका कारखान्यात दिली आहे. त्या कारखान्यात रंगखात्याचे मुकादम आपणच आहात हे मला माहीत नव्हते, असे मी म्हणणार नाही. गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून केली होती.

ता. क. दुसरा : तेव्हा विनंती अशी की ऑर्डर नाकारू नये. नाकारलीत तर ती दुसरीकडे जाईल. ती घ्यावी, पत्रे चांगले जाड कापावेत, भोके पाडावीत, आणि कोरे धाडावेत. बरोबर कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे दोन ओळी लिहाव्यात की गलबतातून दासगावच्या बंदरापर्यंत येता येता खाऱ्या हवेने आणि पत्र्यावर पत्रा घासून ताजा रंग उडतो, सबब रंगकाम जागेवरच स्थानिक रंगाऱ्याकडून करवून घ्यावे. महाडात रंगारी एकच आहे हे आपण त्यांना सांगायची गरज नाही. ते त्यांना दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपोआप आठवेल.

ता. क. तिसरा : मैनेने वरचे वाचले. ती म्हणते, भावोजींना असल्या लबाडीत ओढू नका. मग पुन्हा एकदा वाचून म्हणते, पत्र्याला मागून एक हात गेरूचा द्यायला सांगा, गंजणार नाहीत.

ता. क. शेवटचा : पाकीट चिकटवीत होतो तोच भागोजी आला. तो वकिलांच्या घरी गवताचा भारा टाकायला गेला होता. मी उतरवलेल्या पहिल्या पाट्यांतली एक, सरळ बोटाची आणि बटनाची, वकीलसाहेबांनी नमुना म्हणून आपल्या मागच्या अंगणात उभी करून ठेवली आहे, मापे घेऊन आपल्या कारखान्याला कळवायची म्हणून. भागोजी म्हणतो, आज सकाळी वकिलीणबाई तुळजाबाई ती पाटी फिरवून तिचे तोंड भिंतीकडे करीत होत्या. त्यांच्या मांडवावर पडवळाला कोवळी फळे धरली आहेत. साडूभाऊ, ती पाटी सागाच्या खांबासकट आहे, एकट्या बाईमाणसाला हलायची नाही. दुसऱ्या टोकाला वकीलसाहेब स्वतः लागले होते. तेव्हा पत्रे कोरेच धाडावेत. त्यांना सरळ बोट हवे आहे ते फक्त चंद्राबाईच्या दारात.